गच्चीवरची स्ट्रॉबेरी: ऑक्टोबरात लावा, क्राऊन उघडा ठेवा

दर जानेवारीत ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. महाबळेश्वरहून परतताना रस्त्याकडेच्या नर्सरीतून स्ट्रॉबेरीचं रोप घेतलं, त्याला दोन लाल फळंही होती, घरी आणून मोठ्या कुंडीत लावलं, पंधरा दिवसांत मधली पानं काळी पडली आणि रोप गेलं. काय चुकलं? मी दोन गोष्टी विचारते. लावलं कधी, आणि लावलं किती खोल? बहुतेक वेळा उत्तर या दोन प्रश्नांतच सापडतं.

स्ट्रॉबेरी नाजूक असते, आपल्या हवेत ती येतच नाही, असं मानून लोक तिचा नाद सोडतात. मी पुण्यात गच्चीवर गेली काही वर्षं ती लावते आहे आणि मला हे पटत नाही. तिला दोन-तीनच गोष्टी हव्या असतात, पण त्यांत तडजोड चालत नाही. त्या नीट सांगाव्यात म्हणून हा लेख.

आधी कॅलेंडर बघा

या झाडाला दिवसा १८ ते २५ अंश आणि रात्री १० ते १५ अंश तापमान मनापासून आवडतं. पारा तिशीच्या वर रेंगाळायला लागला की फुलं कमी होतात, फळ लहान राहतं, झाड रनर, म्हणजे बुडातून निघणाऱ्या वेलासारख्या लांब फांद्या, सोडायच्या मागे लागतं. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण साडेतेराशे मीटर उंच, म्हणून तिथे नोव्हेंबर संपता संपता सुरू झालेली तोड एप्रिलपर्यंत चालते. तिथल्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे ही हवा आणि तिथली तांबडी माती आहे.

आपल्याकडे, म्हणजे पुणे, सातारा, नाशिक, कोल्हापूर या पट्ट्यात, खऱ्या थंडीचे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. चारच. रोप लावल्यापासून मुळं धरून पानांचा घेर यायला पाच-सहा आठवडे लागतात आणि फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत साधारण महिना. हिशेब मांडला की लक्षात येतं, लावणी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात झाली तर डिसेंबरात फळ दिसतं आणि पुढचे अडीच-तीन महिने हातात राहतात. जानेवारीत आणलेल्या रोपाला हा वेळच मिळत नाही. मुळं पसरेपर्यंत फेब्रुवारी संपतो आणि ऊन तापायला लागतं. म्हणून पाऊस ओसरला, घटस्थापना झाली की रोपांच्या मागे लागायचं.

नागपूर, अमरावतीकडे दिवस गरम असले तरी हिवाळ्याच्या रात्री चांगल्या थंड असतात, तिथेही जमतं. चिखलदऱ्याला आणि नाशिक जिल्ह्यात सुरगाण्याकडे तर शेतकरी शेतात लावतात. मुंबई, कोकण आणि गोव्यातल्यांना मात्र खरं सांगायला हवं. तिथे रात्री पुरेशा गार होत नाहीत, हवा दमट असते. फळं येतील, पण मोजकी, आणि जानेवारी-फेब्रुवारीतच. तिथे चार रोपांपासून सुरुवात करा, वीस नकोत.

रोप आणा, बी नको

ऑनलाइन मिळणारी स्ट्रॉबेरीची बियांची पाकिटं घेऊ नका. बी रवाळ मातीच्या कणाएवढं, उगवायलाच कित्येक आठवडे घेतं, आणि उगवलेलं प्रत्येक रोप वेगळ्या गुणाचं निघतं, कारण आज खातो त्या जाती संकरातून आलेल्या आहेत. बाजारातल्या फळावरचं बी काढून लावलं तरी तीच गत. शेतकरीसुद्धा बी लावत नाहीत. परदेशातून आणलेल्या मातृरोपांना पावसाळ्यात रनर फुटतात, त्या रनरची रोपं तयार करून सप्टेंबर-ऑक्टोबरात शेतात जातात. आपणही तीच रोपं घ्यायची.

नर्सरीत स्वीट चार्ली, विंटर डॉन, कॅमारोसा, नाभिला ही नावं ऐकू येतील. पहिल्या दोन फ्लोरिडात तयार झालेल्या, लवकर फळणाऱ्या. कॅमारोसा कॅलिफोर्नियाची, फळ टणक आणि मोठं, पण जरा उशिरा येणारं. आपली थंडी आखूड असल्याने घरासाठी मी लवकर येणारी जात घेते. स्वीट चार्लीचं फळ मऊ असतं, प्रवासाला टिकत नाही, पण गच्चीवरून स्वयंपाकघरात जायला तिला किती प्रवास करायचाय! चवीला ती मला सगळ्यांत गोड लागते.

रोप निवडताना वरची पानं बघण्याआधी बुडाशी बघा. मुळं आणि पानं यांच्या मध्ये एक आखूड, जाड बुंधा असतो, त्याला सगळे क्राऊनच म्हणतात. तो पेन्सिलीपेक्षा जाड, टणक आणि आतून पांढरट हिरवा हवा. मधोमध एक नवं पान उलगडत असलं की रोप जिवंत आहे, वाढतं आहे. पानांवर जांभळे ठिपके असलेलं किंवा दाबल्यावर बुंधा मऊ लागणारं रोप फुकट मिळालं तरी घेऊ नका. फळं लगडलेलं रोप बघून भुलायचं नाही. तीन-चार पानांचं, फुलं नसलेलं, ट्रेमध्ये वाढवलेलं रोप सगळ्यांत चांगलं. चौघांच्या घराला दहा-बारा रोपं लावली तर हंगामात तीन-चार दिवसांनी वाटीभर फळं निघतात. दोनच रोपं लावली तर एक-एक फळ मिळतं, आणि घरात मुलं असली तर त्यावरून वाद होतात.

कुंडी आणि माती

मुळं फार खोल जात नाहीत, वरच्या १५-२० सेंटिमीटरमध्येच त्यांचा संसार. त्यामुळे खोल कुंडीपेक्षा पसरट बरी. एका रोपाला आठ इंची कुंडी पुरते. लांबट ट्रे किंवा ग्रो बॅग असेल तर दोन रोपांत वीतभर ते फूटभर अंतर ठेवा. अंगणात जमीन असेल तर गादीवाफा करा, सपाट वाफ्यात लावू नका, कारण पाणी साठलं की मुळं कुजतात. कुंडीला खाली चार-पाच भोकं हवीत आणि कुंडीखाली पाणी साठवणारी ताटली नको.

काळी माती या झाडाला मानवत नाही. ती पाणी धरून ठेवते आणि चुनखडीची असते. स्ट्रॉबेरीला किंचित आंबट माती लागते, सामू, म्हणजे पीएच, साडेपाच ते साडेसहा. माझं मिश्रण असं: दोन भाग तांबडी माती, दीड भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत, अर्धा भाग जाड वाळू किंवा तांदळाचा तूस. दहा किलो मिश्रणाला दोन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीट वापरण्याआधी दोन-तीनदा साध्या पाण्यात भिजवून पिळून घ्या. त्यात मीठ असतं आणि क्षार या झाडाला अजिबात सोसत नाहीत, पानांच्या कडा भाजल्यासारख्या होतात.

शेणखत घालायचं असेल तर ते पूर्ण कुजलेलं, काळं, वास नसलेलं हवं. अर्धवट कुजलेल्या शेणात हुमणीच्या अळ्या असतात. त्या खालून मुळं खातात आणि वरून रोप फक्त कोमेजलेलं दिसतं. माझी तीन रोपं एका वर्षी अशीच गेली. पाणी कमी पडलं समजून मी रोज जास्त पाणी घालत होते, शेवटी कुंडी उपडी केली तेव्हा गोऱ्या, वाकड्या, बोटभर अळ्या निघाल्या. तेव्हापासून शेणखत चाळणीतून चाळल्याशिवाय घालत नाही.

लावणी

सगळ्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे: क्राऊनचा मध्य मातीत गाडायचा नाही.

सगळी नवी पानं आणि फुलांचे दांडे याच मध्यातून वर येतात. तो मातीखाली गेला की त्यावर सतत ओल राहते, कोवळा कोंब काळा पडतो आणि रोप आतून सडतं. उलट क्राऊन फार वर राहिला तर मुळांचा वरचा भाग उघडा पडून सुकतो, आणि नवी मुळं क्राऊनच्या बुडातूनच फुटतात, म्हणून त्यांना माती लागायला हवी. मुळं पूर्ण मातीत, क्राऊनचं बूड मातीला टेकलेलं आणि मधला कोंब मोकळ्या हवेत, एवढंच जमवायचं.

ते असं जमवा. संध्याकाळची वेळ निवडा, म्हणजे रोपाला सावरायला रात्र मिळते. रोप ट्रेमधून काढण्याआधी पाणी द्या. कुंडी काठापासून दोन बोटं सोडून भरा. मधे खड्डा करा आणि मुळांच्या गड्ड्यासकट रोप त्यात ठेवा. गड्ड्याची वरची पातळी आणि कुंडीतल्या मातीची पातळी एक यायला हवी. मुळं नुसतीच, मातीविना आली असतील तर खड्ड्याच्या तळाशी मातीचा लहान उंचवटा करा, मुळं त्याच्यावरून चहूबाजूंना छत्रीसारखी पसरवा, फार लांब असतील तर टोकं थोडी छाटा, गुंडाळून कोंबू नका. बाजूने माती लोटा आणि बोटांनी हलकं दाबा. मग झारीने पाणी घाला आणि थांबा. पाण्याने माती खाली बसते, कधी क्राऊनवर वाहून येते. आता पुन्हा बघा. कोंबावर माती आली असेल तर बोटाने बाजूला करा, मुळं दिसत असतील तर थोडी माती लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा. नवखी माणसं पहिल्यांदा बघतात, नंतरचं राहून जातं.

पहिले चार-पाच दिवस कुंड्या सावलीत, पण उजेडात. मग सकाळच्या उन्हात, आणि दहा दिवसांनी सहा तास थेट ऊन मिळेल अशा जागी. पूर्वेची गच्ची किंवा बाल्कनी उत्तम. फक्त उत्तरेची बाल्कनी असेल तर पानं येतील, फळांची आशा धरू नका.

लावल्यावर पहिले तीन-चार आठवडे येणारी फुलं खुडून टाका. जड जातं, मान्य आहे. मलाही दरवर्षी जातं. पण तेव्हा मुळं अजून पसरायची असतात. आठ-दहा मोठी पानं झाली की मग फूल ठेवा. रनर, म्हणजे बुडातून निघणारी लांब, बारीक, टोकाला पानांचा झुबका असलेली वेलासारखी फांदी, हंगामभर दिसली की कापा. ती झाडाचं सगळं बळ घेऊन जाते.

पाणी

मुळं उथळ म्हणून झाड लवकर तहानतं, आणि तीच मुळं पाण्यात उभी राहिली तर कुजतात. रोज ठरलेलं पाणी घालण्यापेक्षा बोटाचं एक पेर मातीत घालून बघा. आत कोरडं लागलं तर द्या, ओल लागली तर उद्या. थंडीत आठ इंची कुंडीला एका वेळी साधारण पाव लिटर पुरतं, तेही बहुधा एक दिवसाआड. फेब्रुवारीत रोज लागेल. पाणी सकाळी, बुडाशी, कडेकडेने. पानांवर आणि क्राऊनमध्ये ओतायचं नाही. रात्रभर ओली राहिलेली पानं म्हणजे बुरशीला आमंत्रण.

बोअरचं पाणी देत असाल तर लक्ष ठेवा. जड पाण्याने मातीचा सामू वर चढतो, झाडाला लोह उचलता येत नाही आणि कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे दिसलं की खत वाढवू नका, त्याने क्षार आणखी वाढतात. शक्य असेल तर नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी द्या, आणि कृषी सेवा केंद्रात मिळणारं चिलेटेड लोह पाकिटावरच्या प्रमाणात एक-दोनदा द्या. नवी पानं हिरवी येतात. दर तीन आठवड्यांनी एकदा साधं पाणी इतकं घाला की खालच्या भोकांतून भरपूर वाहून जाईल. साठलेले क्षार धुऊन निघतात.

मातीवर आच्छादन घाला. शेतकरी चंदेरी-काळा मल्चिंग पेपर वापरतात. घरी उसाचं पाचट, भाताचा पेंढा किंवा वाळका पाला दोन बोटं जाडीचा पुरतो. ओल टिकते, आणि फळ ओल्या मातीला टेकत नाही. टेकलेलं फळ हमखास सडतं. क्राऊनभोवती मात्र आच्छादनही दोन बोटं लांब ठेवा.

खताचं फार मोठं शास्त्र करायची गरज नाही. लावल्यावर तीन आठवड्यांनी सुरू करा, दर दहा-बारा दिवसांनी गांडूळखताचं पाणी किंवा दसपट पाण्यात मिसळलेलं जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेलं द्रवखत). विद्राव्य खत वापरणार असाल तर सुरुवातीला १९:१९:१९ (हे आकडे नत्र, स्फुरद, पालाश यांच्या प्रमाणाचे) आणि कळ्या दिसल्यावर ०:५२:३४, दोन्ही लिटरला एक ग्रॅम. युरिया नको. नत्र जास्त झालं की पानं तळहाताएवढी होतात, फुलं रुसतात आणि फळ पाणचट लागतं.

फूल, फळ, आणि ब्रश

फ्रेझिए नावाचा एक फ्रेंच इंजिनिअर १७१४ मध्ये चिलीहून मोठ्या फळाच्या स्ट्रॉबेरीची पाच रोपं घेऊन फ्रान्सला परतला. रोपं जगली, पण फळ धरेना, कारण ती सगळी मादी होती. पुढे ब्रिटनी प्रांतात त्यांच्या शेजारी उत्तर अमेरिकेची व्हर्जिनिया स्ट्रॉबेरी लावली गेली, तिचा पराग मिळाला, आणि त्या संकरातून आजची बागेतली स्ट्रॉबेरी जन्मली. आजच्या रोपांत नर आणि मादी भाग एकाच फुलात असतात, त्यामुळे एक रोप असलं तरी फळ धरतं. परागाचं महत्त्व मात्र तसंच आहे.

फुलाच्या मधला पिवळा उंचवटा जवळून बघा. त्यावर शेकडो बारीक स्त्रीकेसर असतात. ज्याला पराग मिळतो तिथे बी धरतं, आणि त्या बीभोवतालचा गर फुगतो. जिथे मिळत नाही तिथे गर बसका राहतो. म्हणजे वाकडं, एका बाजूला आक्रसलेलं फळ रोगट नसतं, त्याचं परागीभवन अर्धवट झालेलं असतं. महाबळेश्वरच्या शेतात सातेरी मधमाश्या हे काम करतात. सातव्या मजल्यावर त्या फारशा येत नाहीत. मऊ, कोरडा चित्रकलेचा ब्रश घ्या, सकाळी दहा ते बारा या वेळात, उमललेल्या फुलाच्या कडेकडेने फिरवून मग मधल्या उंचवट्यावर सगळीकडून हलकेच फिरवा. तीन दिवस ओळीने. जवळ झेंडू, तुळस, सब्जा यांच्या कुंड्या ठेवल्या तर माश्या आपण होऊन येऊ लागतात. माझ्याकडे तुळशीने हे काम केलं.

एका दांड्यावर पहिलं फळ सगळ्यांत मोठं येतं, मागून येणारी लहान होत जातात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, झाडाची ती रीतच आहे.

फळ देठापर्यंत, मानेची पांढरी कड जाईपर्यंत लाल होऊ द्या. आंबा, केळं घरी आणून पिकतात. स्ट्रॉबेरी तोडल्यावर रंग थोडा बदलते, गोडी वाढत नाही. सकाळी गारव्यात, फळ न ओढता, देठ अर्धा इंच ठेवून कात्रीने कापा. खायच्या वेळीच धुवा.

कोण कोण खायला येतं

सगळ्यांत आधी बुलबुल. तुम्ही फळ आणखी एक दिवस पिकू द्यावं म्हणता, त्याच पहाटे तो चोच मारून जातो. फळ गुलाबी व्हायला लागलं की कुंड्यांवर जाळी टाका किंवा प्रत्येक घोसाला पातळ कापडाची लहान पिशवी बांधा. अंगणात गोगलगायी असतील तर रात्री टॉर्च घेऊन वेचा.

फेब्रुवारीत हवा कोरडी झाली की पानं निस्तेज होऊन बारीक पांढरे ठिपके दिसतात, मागे बारीक जाळं असतं. हा लाल कोळी. पानांच्या मागच्या बाजूला सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारा, फार लागलेली पानं काढून कचऱ्यात टाका, आणि लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल व भांडी घासायच्या द्रव साबणाचे चार थेंब घालून आठवड्याच्या अंतराने तीनदा फवारा. फवारणी संध्याकाळी, मधमाश्या गेल्यावर, उमललेली फुलं चुकवून. माव्यालाही हेच चालतं.

अवकाळी पाऊस झाला किंवा सलग ढगाळ हवा राहिली तर फळांवर करड्या रंगाची लव धरते. ते फळ लगेच काढा, कुंडीत पडू देऊ नका, आणि रोपं छज्जाखाली, वाऱ्यावर घ्या. जुनी, पिवळी, जमिनीला टेकलेली पानं आठवड्याला खुडत राहिलं तर निम्मे रोग येतच नाहीत, असा माझा अनुभव आहे.

मार्चनंतर

मार्चमध्ये दुपारचं ऊन अडवा, हिरवी पन्नास टक्क्यांची शेडनेट पुरते. शेवटची फळं लहान पण फार गोड मिळतात. मग बहुतेक रोपं थकतात. शेतकरी दरवर्षी नवी रोपं लावतात आणि घरीही तेच सोपं, पण सगळ्यांत जोमदार दोन-तीन झाडं ठेवून बघा. एप्रिल-मे गार सावलीत, फुलं खुडून, रोज पाणी देऊन ती काढायची. जूनपासून ती रनर सोडू लागतात. आता ते कापायचे नाहीत. टोकाच्या झुबक्याखाली मुळांचे पांढरे टोक दिसले की तो लहान पिशवीतल्या मातीवर ठेवा आणि केसांचा आकडा किंवा वाकवलेली तार टोचून धरा, क्राऊन इथेही वरच. धो धो पाऊस अंगावर येऊ नये म्हणून पिशव्या पत्र्याखाली किंवा छज्जाखाली असू द्या. एका रनरवरची पहिली दोन पिल्लं घ्या, पुढची अशक्त असतात.

तीन-चार आठवड्यांनी पिल्लू हलकं ओढून बघा. सुटत नसेल तर मुळं धरली आहेत, आईशी जोडलेला रनर कापा. रोग दिसलेल्या झाडाचे रनर घेऊ नका. सप्टेंबरात कुंड्यांतली जुनी माती उन्हात पसरून वाळवा, तिसरा हिस्सा नवं खत मिसळा, आणि ऑक्टोबर उजाडला की हीच रोपं पुन्हा त्याच पातळीला लावा.